घरी ओतलेल्या शिशाच्या बुलेटचा कडकपणा कसा तपासायचा

भंगारातून जमवलेल्या शिशात काय काय मिसळलंय ते बघून कधीच कळत नाही. रंग सारखा, वजन हातात सारखंच लागतं, पण एक लगड नखाने ओरखडते आणि दुसरीवर नख घसरतं. म्हणून ओतकाम करणाऱ्याने कडकपणा मोजायला शिकलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी महागडं यंत्र लागतं हा गैरसमज आहे.

आधी आकडे डोक्यात बसवा. कडकपणा ब्रिनेल नंबरमध्ये सांगतात, म्हणजे बीएचएन, स्वीडनच्या योहान ऑगस्ट ब्रिनेलने 1900 मध्ये मांडलेली पद्धत, ठराविक वजनाने स्टीलचा गोळा धातूत दाबायचा आणि खड्डा केवढा पडला ते मोजायचं. शुद्ध शिसं साधारण 5. गाडीच्या चाकाचा तोल साधायला लावायची क्लिपवाली जुनी शिशाची वजनं 11-12 च्या आसपास. 90 भाग शिसं, 5 कथील, 5 अँटिमनी (एक ठिसूळ धातू) हे मिश्रण 15, आणि छपाईची अक्षरं ओतायचा लायनोटाइप हा मिश्रधातू 22. कथीलाने धातू साच्यात नीट भरतो, कडकपणा मात्र मुख्यतः अँटिमनी देतं.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ती गोष्ट, ओतल्यावर किती दिवसांनी तपासताय. अँटिमनी असलेलं शिसं ओतल्यानंतर कितीतरी दिवस कडक होत राहतं, आणि साच्यातून थेट पाण्यात टाकलं तर अजूनच जास्त, चाकाच्या वजनांचं 12 वालं शिसं पाण्यात टाकून 18-20 पर्यंत सहज जातं. त्यामुळे आज ओतलेली आणि महिनाभर ठेवलेली बुलेट शेजारी ठेवून तुलना केली तर त्या आकड्यांना काही अर्थ नाही. निदान दोन आठवडे थांबा आणि प्रत्येक बॅचला तेवढेच दिवस द्या, डब्यावर ओतल्याची तारीख लिहा. शुद्ध शिसं किंवा फक्त शिसं-कथील असेल तर त्याला असं कडक होणं नसतं, ते लगेच तपासलं तरी चालतं.

तपासायला सुटी बुलेटच घ्यायची, भरलेलं काडतूस कधीही व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या पकडशेगड्यात, धरायचं नाही. आणि मुळात हे काम तुमच्याकडच्या कायद्यात बसतंय याची खात्री आधीच करून ठेवा.

सगळ्यात स्वस्त पद्धत पेन्सिलची. चित्रकलेच्या पेन्सिलींचा एक चांगला सेट घ्या, 6बी पासून 2एच पर्यंत, सगळ्या एकाच कंपनीच्या, कारण वेगवेगळ्या कंपन्यांची शिसपेन्सिल सारखी नसते. पेन्सिलला टोक काढायचं नाही. ब्लेडने फक्त लाकूड सोलायचं, आतली कांडी पूर्ण गोल तशीच राहू द्यायची आणि मग पॉलिश पेपरवर पेन्सिल सरळ उभी धरून टोक सपाट घासायचं, कडा धारदार राहिली पाहिजे कारण सगळं काम ती कडाच करते. बुलेटचं बूड कानशीने हलकंसं सपाट करून घ्या. पेन्सिल 45 अंशात धरून पुढच्या दिशेने ढकला, लिहिताना ओढतो तशी ओढायची नाही. पेन्सिल शिशापेक्षा मऊ असेल तर नुसती काळी रेघ उमटते किंवा कडा भुरभुरते, आणि कडक असेल तर कडा धातूत रुतते, पुढे बारीकशी चमकदार साल उचलली जाते, ती हाताला जाणवते. मऊकडून कडककडे जात जा, साल उचलणारी पहिली पेन्सिल म्हणजे तुमचं उत्तर. साधारण हिशोब असा की 6बी म्हणजे 4-5, 4बी 9, 2बी 11-12, बी 13, एचबी 14-15, एफ 16-18 आणि एच 20-22. प्रत्येक वेळी टोक परत घासायचं, हा कंटाळा केला की रिझल्ट गेला. हाताच्या जोराने एखादा नंबर मागेपुढे होतोच, पण हे शिसं मऊ की मधलं की कडक एवढं पेन्सिल नक्की सांगते.

त्याहून पक्की पद्धत व्हाइस आणि बेअरिंगच्या छर्ऱ्याची, आणि मला तीच जास्त आवडते कारण ती स्वतःची तुलना स्वतःच करते. शुद्ध शिशाचा एक जाड सपाट तुकडा आणि तपासायच्या धातूचा तसाच तुकडा घ्या, मध्ये स्टीलचा छर्रा ठेवा आणि व्हाइस हळूहळू आवळा. छर्ऱ्यावर दोन्ही बाजूंनी जोर सारखाच येतो, त्यामुळे जोर किती होता ते मोजायची गरजच उरत नाही. मऊ बाजूला मोठा खड्डा, कडक बाजूला लहान. दोन्हींचे व्यास कॅलिपरने मोजा, शुद्ध शिशाच्या खड्ड्याच्या व्यासाचा वर्ग भागिले दुसऱ्या खड्ड्याच्या व्यासाचा वर्ग, त्याला 5 ने गुणा. समजा 10 मिमीच्या छर्ऱ्याने शिशात 6 मिमी आणि तुमच्या धातूत 4 मिमी खड्डा पडला, तर 36 भागिले 16 म्हणजे 2.25, गुणिले 5, आलं 11.25. ब्रिनेलच्या पूर्ण सूत्राने हेच 12 येतं, कारण मोठ्या खड्ड्याला नुसता वर्गाचा हिशोब थोडा कमी दाखवतो, म्हणून फार खोल आवळू नका. खड्डा काठापासून लांब पडू द्या आणि तुकडा पुरेसा जाड असू द्या, पातळ असला तर मागचा व्हाइसचा जबडाच मोजला जातो.

विकतचा टेस्टर घेणार असाल तर ली कंपनीचा रीलोडिंग प्रेसवर, म्हणजे काडतुसं पुन्हा भरायच्या हातयंत्रावर, बसतो, त्यात सुमारे 4 मिमीचा गोळा 60 पौंड जोराने 30 सेकंद दाबायचा आणि छोट्या मायक्रोस्कोपने खड्डा वाचायचा. 15 बीएचएनला खड्डा साधारण 1.5 मिमी येतो आणि वाचताना 0.1 मिमी चुकलं की 15 चे 17 होतात, त्यामुळे एकाच बुलेटवर विश्वास न ठेवता चार-पाच बुलेट तपासून सरासरी घ्या. साइझ केलेल्या, म्हणजे नेमक्या व्यासासाठी साच्यातून दाबून काढलेल्या, बुलेटच्या बाजूच्या पट्ट्यावर मोजू नका, अँटिमनीवालं शिसं दाबलं-घासलं गेलं की तिथे मऊ पडतं, बूडच घ्या.

कानशीचा कीस ओल्या कापडाने टिपून घ्या, झाडूने उडवू नका, काम झाल्यावर साबणाने हात धुवा आणि त्या टेबलावर खाणंपिणं नको. शिसं दाताने चावून बघायची सवय कुणाला असेल तर ती आजच सोडा.

आकडा आला की करायचं काय? बुलेट फार मऊ असली तर जास्त दाबाला रायफलिंगमध्ये (बॅरलच्या आतल्या पिळदार खाचांत) सोलवटते, फार कडक असली तर कमी दाबाला बूड फुगून बॅरलला घट्ट बसत नाही आणि बाजूने गरम गॅस निसटून शिसं वितळवतो. लोक बीएचएनला 1422 ने गुणून दाबाचा अंदाज काढतात, 12 ला साधारण 17,000 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), हा ढोबळ ताळा म्हणून ठीक आहे, लोड, म्हणजे दारू किती भरायची ते, मात्र छापील लोड डेटावरूनच ठरवायचा. तोंडातून भरायच्या बंदुकीला तर शुद्ध मऊ शिसंच हवं. आणि कडकपणा जुळूनही बॅरलमध्ये शिसं चिकटत असेल तर अजून अँटिमनी ओतत बसण्याआधी व्यास तपासा. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून मऊ शिशाचा तुकडा बॅरलमधून हळूच ठोकत बाहेर काढा आणि त्याचा सगळ्यात मोठा व्यास मोजा, बुलेट त्याच्यापेक्षा 0.001 ते 0.002 इंच जास्त हवी.