तुमच्या डोक्यात डेस्कटॉप ॲपच्या चार कल्पना आहेत. हात कुठल्या कल्पनेला घालायचा?

कल्पनांना लगेच गुण देत बसू नका. ॲप जे काम करणार, तेच काम लोक आज कसं उरकतात, ते आधी शेजारी बसून बघा. एखाद्या डीटीपीवाल्याकडे जा. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधला मजकूर व्हॉट्सॲपवर टाकला की रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. मग कन्व्हर्टर शोधा, रफार आणि जोडाक्षरं हाताने दुरुस्त करा, नाहीतर सरळ पुन्हा टाइप करा. अख्खं फोल्डर एका दमात युनिकोडमध्ये करून देणारं ॲप दिसायला रुक्ष, पण आणखी एका देखण्या टू-डू ॲपपेक्षा कितीतरी सरस. टू-डूवाल्याची स्पर्धा कागदाच्या चिठोऱ्याशी असते, आणि चिठोरं सहसा जिंकतं!

व्हिसिकॅल्क या स्प्रेडशीट प्रोग्रॅमचा जन्मही अशाच कटकटीतून झाला. हार्वर्डमध्ये एमबीए करताना डॅन ब्रिकलिनला खटकलं ते हेच, की तक्त्यातला एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुन्हा मांडायचे. 1979 मध्ये ती स्प्रेडशीट आली आणि तिच्यासाठी लोक ॲपल टू हा संगणक विकत घेऊ लागले.

मग विचारा, हे ब्राउझरमध्ये का नको? इंटरनेटविना काम, शेकडो फाइली, स्कॅनर, गोपनीय कागदपत्रं यांतलं एकही कारण नसेल, तर इन्स्टॉलचा आग्रह धरू नका.

आणि ‘कल्पना आवडली का?’ हे ओळखीच्यांना विचारूच नका, सगळे हो म्हणतात. त्याऐवजी चाचणीसाठी त्यांची खरी, अडलेली फाइल मागा. जिच्यासाठी फाइली आपणहून येतात, ती कल्पना आधी घ्या.