पार्क स्टेडियमवर स्क्रीन लावायच्या आधी

स्टेडियमवर डिजिटल डिस्प्ले लावायचं म्हटलं की पहिला विषय निघतो तो किती इंची आणि कुठल्या कंपनीची, पण माझं स्पष्ट मत आहे की स्क्रीनचा खोका सगळ्यात शेवटी फोडायचा. आपल्या सोलापूरच्या इंदिरा गांधी स्टेडियमसारख्या, म्हणजे पार्क स्टेडियमसारख्या मैदानावर 50 स्क्रीन एका नेटवर्कवर चालवायच्या तर त्याआधी बाकीचं सगळं तयार पाहिजे.

आधी पायी फिरा. ऑफिसात नकाशावर टिंबं मारून जागा ठरत नाही. 2024 च्या जानेवारीत इथं महाराष्ट्र-मणिपूर रणजी मॅच झाली, तशा मॅचला अक्कलकोट, मोहोळकडून पहिल्यांदाच आलेला माणूस डोळ्यापुढं ठेवा आणि गेटपासून त्याच्यासारखं चालत जा, तो कुठं थबकणार, कुठं स्टँडचा जिना विचारणार, कुठं संडास विचारणार, तिथंच स्क्रीन पाहिजे. हीच फेरी दुपारी चारला परत मारा, कारण तेव्हा ऊन कुठल्या भिंतीवर येतं ते सकाळी कळत नाही. घरातल्या टीव्हीचा उजेड 300-400 निट्स (स्क्रीनचा उजेड मोजायचं माप) असतो, उन्हात तो आरशासारखा दिसतो, उघड्यावर 2500 निट्सच्या आसपासचा आणि आयपी65 चा, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न जाणारा, आउटडोअर डिस्प्लेच लागतो. शिवाय सोलापूरचा मे महिना! बाहेर 43 डिग्री असलं की बंद पेटीत त्याहून बरंच जास्त होतं आणि थेट उन्हात साध्या पॅनलवर काळे डाग पडतात, म्हणून जमेल तितक्या स्क्रीन छताखाली घ्या, पैसेही वाचतात.

आता वायरिंग, आणि इथं घाई करू नका. कॅट6 म्हणजे नेहमीची तांब्याची नेटवर्क केबल, तिची हद्द 100 मीटर, त्यात 90 मीटर पक्की केबल आणि बाकी पॅचकॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांच्या छोट्या जोडवायरी. बाउंड्री 65-70 मीटर धरली तरी नुसत्या मैदानाचा घेर 400 मीटरच्या वर जातो, म्हणजे एका खोलीतून सगळीकडं कॅट6 ओढायचा विचारच सोडा, स्टेडियमभोवती लांब पल्ल्याच्या फायबर केबलची रिंग फिरवा आणि मध्ये मध्ये नेटवर्क स्विच ठेवायचे छोटे रॅक ठेवा. रिंगच पाहिजे, कारण एका बाजूला कुणी खोदताना फायबर तोडली तरी दुसऱ्या बाजूनं काम चालू राहतं. मीडिया प्लेअर, म्हणजे स्क्रीनला चित्र पुरवणारा छोटा डबा, पीओई वर, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच येणाऱ्या विजेवर चालतो, 15 किंवा 30 वॅटमध्ये भागतं, पण छताखालच्या साध्या 55 इंची स्क्रीनलाच 100-200 वॅट लागतात, उन्हातल्या जास्त उजेडाच्या स्क्रीनला त्याहून जास्त, तिला वेगळा पॉइंट काढावाच लागतो आणि तो इलेक्ट्रिशियनच्या यादीत आहे का ते आधी बघा, नाहीतर स्क्रीन भिंतीवर आणि प्लग दहा फुटावर. साइनेजचा, म्हणजे या स्क्रीनचा, व्हीलॅन (त्याच केबलवरचं स्वतंत्र नेटवर्क) सीसीटीव्ही आणि तिकीट स्कॅनरपासून वेगळा ठेवा. लाइव्ह मॅच दाखवायची असेल तर मल्टिकास्ट घ्या, म्हणजे एकच व्हिडिओ सगळ्यांना मिळून जातो, आणि नेटवर्क स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग चालू करा, म्हणजे तो मागेल त्याच पोर्टला जातो, नाहीतर 8 एमबीपीएसचा व्हिडिओ 50 स्क्रीनना वेगवेगळा पाठवला तर 400 एमबीपीएस त्यातच जातात.

अर्थिंग मोजून घ्या, विजेचा अचानक येणारा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर लावा, आपल्याकडं वळीव पडतो तो विजा घेऊनच. स्विच आणि प्लेअर यूपीएसवर. लाइट गेली नि आली की स्क्रीन आपोआप चालू व्हावी ही सेटिंग प्रत्येक स्क्रीनवर तपासा, पण सगळ्या एकदम चालू होऊ देऊ नका, थोड्या थोड्या सेकंदांनी, नाहीतर एमसीबी पडतो. ब्रॅकेट काँक्रीटमध्येच ठोका, नुसत्या प्लास्टरवर भरवसा नको, आणि खाली माणसं उभी राहणार आहेत म्हणून सेफ्टी वायर प्रत्येक स्क्रीनला. पाइपांची तोंडं बुजवा, उंदीर केबल कुरतडतात.

मजकुराचं मात्र मनापासून सांगतो. एका हॉलच्या कामात आम्ही लॅपटॉपवर सगळं सुंदर बघितलं होतं आणि उद्घाटनाच्या सकाळी प्लेअरवर 'प्रवेशद्वार' मधला द्व फुटून द आणि व वेगवेगळे, सगळी जोडाक्षरं तुटलेली. प्लेअरमध्ये देवनागरी नीट जोडणारा फॉन्टच नव्हता. लोक आपल्या भाषेत वाचायला येतात आणि आपण त्यांना मोडकी भाषा दाखवायची, हे मला अजून लागतं. म्हणून मजकूर खऱ्या प्लेअरवरच तपासा, आणि सोलापुरात कन्नड आणि तेलुगू बोलणारे घराघरात आहेत, त्यांच्या पाट्याही त्या त्या भाषेच्या माणसाकडूनच वाचून घ्या. सर्व्हरशी संपर्क तुटला तरी प्लेअरमध्ये साठवलेलं चालत राहायला पाहिजे.

आणीबाणीचा मेसेज सगळ्यात महत्त्वाचा. फायर अलार्मशी जोडलेला पाहिजे, आणि प्रत्येक स्क्रीनचा बाण वेगळा, कारण पूर्वेच्या स्टँडचा बाण पश्चिमेला दाखवला तर माणसं एकमेकांवर येतील. याची एक रंगीत तालीम अग्निशमन दल आणि पोलिसांना बोलावून कराच.

तारखा ठरवताना गड्ड्याची (सिद्धेश्वराची) यात्रा टाळा, जानेवारीत होम मैदानाच्या बाजूला ट्रक आणणं अवघड आणि कामगारही मिळत नाहीत, दसऱ्यानंतर सुरू करून डिसेंबरात आटपा. मग 72 तास सगळं सलग चालवून बघा. लोकेशन नंबर, मॅक आणि आयपी (प्लेअरचे नेटवर्कवरचे पत्ते), स्विच पोर्ट यांची शीट छापून प्रत्येक रॅकच्या दारात आतून चिकटवा, केबलला दोन्ही टोकांना तोच नंबर, दोन प्लेअर सेट करून कपाटात ठेवा, आणि रॅकच्या किल्ल्यांचा एक जोड मैदानावरच्या वॉचमन काकांकडं द्या, मॅचच्या दिवशी तेच सगळ्यात आधी आलेले असतात.