प्रोफाइलचं नाव चुकलं, तर सही कोण करतं?

महापे, ऐरोली किंवा वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात आतल्या सर्व्हरांसाठी स्वतःची सर्टिफिकेट ऑथोरिटी (सीए, म्हणजे सर्टिफिकेटं देणारी यंत्रणा) चालवत असाल आणि साइनर (त्यांवर सही करणारा प्रोग्राम) बनवायला सीएफएसएसएल हे क्लाउडफ्लेअरचं टूल वापरत असाल, तर कॉन्फिग फाइलमधला 'डिफॉल्ट' भाग आधी उघडा. लोक सर्व्हर, क्लायंट वगैरे प्रोफाइल्स (कोणत्या सर्टिफिकेटला किती मुदत आणि कोणता वापर, याचे नियम) मन लावून लिहितात आणि डिफॉल्ट कुठूनतरी उचलून चिकटवतात. गोम अशी, की विनंतीत प्रोफाइलच्या नावाचं एक अक्षर चुकलं तरी लोकल साइनर (त्याच मशीनवर सही करणारा) अडत नाही. तसं प्रोफाइल सापडलं नाही, की गुपचूप डिफॉल्टच्या धोरणाने सही करून मोकळा होतो. म्हणून डिफॉल्ट मुद्दाम कंजूष ठेवा: मुदत 24 तास, वापर फक्त सर्व्हर ऑथ (सर्व्हरची ओळख पटवणं), सीए होण्याची परवानगी तर नाहीच. चुकीच्या नावाने एक विनंती मुद्दाम पाठवा आणि आलेल्या सर्टिफिकेटची मुदत ओपनएसएसएलने वाचून बघा.

मुदत तासांतच लिहायची. 90 दिवसांचे 2160 तास. सीएफएसएसएल गो भाषेत लिहिलंय आणि त्या भाषेच्या कालावधीत दिवस हे एककच नाही, त्यामुळे दिवस लिहिलेत तर फाइल लोडच होत नाही (हे एक बरंच आहे).

सही दुसऱ्या मशीनवर व्हायची असेल, तर त्या प्रोफाइलमध्ये रिमोटचं (त्या मशीनचं) नाव द्या आणि त्या नावाचा पत्ता कॉन्फिगच्या 'रिमोट्स' भागात लिहा. युनिव्हर्सल साइनर (लोकल आणि रिमोट दोन्ही सांभाळणारा) धोरण बघून विनंती तिकडे वळवतो; अनोळखी प्रोफाइल आलं तर तो मात्र एरर देतो.