हतनूरला जाताय? आधी काठावरचा झाडोरा बघा

थंडीत जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला गेलेले बहुतेक जण गाडीतून उतरले की दुर्बीण डायरेक्ट बदकांवर लावतात आणि अर्ध्या तासात बोअर होतात. त्यापेक्षा काठावर काय उगवलंय ते आधी बघा, कुठला पक्षी कुठं सापडेल हे तिथंच कळतं.

चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे, त्या बाजूनं काठाकाठानं चालायचं, डिसेंबर-जानेवारीत, सकाळी लवकर. आणि बूट घाला भो. गाळ वरून भेगाळलेला, कडक दिसतो पण खाली नुसतं लोणी, माझी एक चप्पल अजून तिथंच आहे.

पाण्यात माणसाएवढी उंच पाती आणि मधे तपकिरी कणीस दिसलं की ते पाणकणीस. पिकलेलं कणीस चिमटीत दाबून बघा, सावरीसारखा कापूस फुटून अंगभर होतो. याच्या गचपणात जांभळी पाणकोंबडी असते, फक्त दहा मिनिटं गप उभं राहायचं, जे आपल्या ग्रुपला जमत नाही.

त्याच्या अलीकडे बुटकं हिरवं दिसेल ते सगळं गवत नाही. एक काडी अंगठा न् बोटात धरून गोल फिरवा, तीन धारा लागल्या तर बहुतेक लव्हाळ्याच्या घरातलं, गोल लागली आणि पेरं असली तर गवत. पेरापेराला लांब काटे आणि जांभळी फुलं म्हणजे तालिमखाना, हात जपून लावा. त्याचं बी पाण्यात टाकलं की लगेच बुळबुळीत होतं.

उघडा चिखल दिसला तर मोकळी जागा म्हणून तुडवत जाऊ नका, शेकाट्या आणि तुतारी हे पक्षी तिथंच चोच खुपसून किडे शोधतात. पाणी उतरलं की काही ठिकाणी लोक गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, पण करतात, तर कुणाच्या पिकातून जायचं नाही, आधी विचारायचं.

आता गुलाबी भोंग्यासारखी फुलं आली की सगळे सेल्फी काढतात ना, ते बेशरम, आपलं नाहीच, दक्षिण अमेरिकेकडचं. जलपर्णी पण तिकडचीच. तिचा फुगीर देठ मोडून बघा, आत स्पंजसारखी हवा, म्हणून तरंगते न् बघता बघता पाणी झाकून टाकते. कमळपक्षी तिच्यावरही लांब बोटं टाकत आरामात चालतो, त्याला काय.

शेवटी बाभळी. इथं भलेभले फसतात. पिवळी गोल फुलं आणि मण्यांची माळ असावी तशी मधेमधे आवळलेली शेंग ही आपली बाभूळ, लांबट तुऱ्यासारखं फूल आणि सरळ चपटी शेंग ती वेडी बाभूळ. पाण्यावर झुकलेल्या फांद्या नीट बघा, सुगरणीचे पावसाळ्यातले रिकामे खोपे अजून लटकलेले असतात.