४ म्हणजे महाराष्ट्र नव्हे: छोट्या ऑनलाइन दुकानाचे शिपिंग नियम बसवताना

बी.कॉम. झाल्यावर कराडला काकूंच्या मसाल्याच्या धंद्यात शिरले, तेव्हा माझ्याकडे एकच काम होतं, पार्सलवर पत्ते लिहायचं. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, काकवी, उन्हाळ्यात कुरडया, दिवाळीत चिवडा. दिवसाला आठ-दहा ऑर्डर असायच्या. कुठलं पार्सल कशानं जायचं ते काकू चाळण हातात धरूनच सांगायच्या. पुण्या-मुंबईचं असेल तर कुरिअर, आडगावचं असेल तर पोस्ट, काकवी असेल तर "विमानानं नको बाई, रोडनंच टाक". मग वूकॉमर्सवर, म्हणजे ऑनलाइन दुकान चालवायच्या सॉफ्टवेअरवर, वेबसाइट उभी राहिली, दिवाळीत दिवसाला साठ-सत्तर ऑर्डर यायला लागल्या आणि सांगून सांगून काकूंचा घसा बसला. तेव्हा शिपिंगचे नियम लावायचं ठरलं आणि ते गळ्यात पडलं माझ्या. अशाच एखाद्या छोट्या दुकानात नव्यानं कामाला लागलेल्यांसाठी हे लिहितेय. पहिल्या वर्षीच्या माझ्या चुका रुपयांत मोजता येतात, त्यामुळे सांगायला सोप्या आहेत.

आधी एक घोळ दूर करू. शिपिंग नियम म्हणताना दोन निराळ्या गोष्टी बोलल्या जातात. पहिली, गिऱ्हाइकाला चेकआउटला, म्हणजे पैसे भरायच्या पानावर, किती शिपिंग दाखवायचं. हे दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरतं. दुसरी, पैसे आल्यावर पार्सल कुठल्या कुरिअरला द्यायचं. हे शिपरॉकेटसारख्या, अनेक कुरिअर एकाच खिडकीत आणून देणाऱ्या सेवेत ठरतं. दोन्हीकडे झोन, म्हणजे एकच नियम लागणारे भाग, असतात, दोन्हीकडे वजनं असतात, पण एकाला दुसऱ्याची खबर नसते. आमच्या वेबसाइटवर महाराष्ट्राला ६० रुपये आणि बाकी भारताला ११० रुपये होते. कुरिअर आमच्याकडून काय घेतं ते महिनाअखेरीच्या बिलात कळायचं, आणि दोन्ही आकडे शेजारी मांडून बघायचं तीन महिने मला सुचलंच नाही.

दोन्हीकडचा पाया पिनकोड. तो शाळेत शिकवत नाहीत, म्हणून इथे सांगते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला आणि त्यामागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांतला पहिला देशाचा विभाग सांगतो, दुसरा त्यातला उपविभाग, तिसरा वर्गवारीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन नेमकं टपाल कार्यालय. कराडचा ४१५११० आहे. ४१५ बघितलं की सातारा-रत्नागिरीकडचं, ४११ पुणे, ४१६ कोल्हापूर-सांगली-सिंधुदुर्ग, ४४० नागपूर. महिनाभर हातानं लेबलं चिकटवली तर हे आकडे आपोआप तोंडात बसतात. ज्याला नियम लिहायचे आहेत त्यानं हा महिना चुकवू नये, असं माझं ठाम मत आहे.

मी मात्र आकडे तोंडात बसायच्या आधीच नियम लिहायला बसले. महाराष्ट्राचे सगळे पिनकोड ४ ने सुरू होतात, एवढं माहीत होतं. वूकॉमर्समध्ये पिनकोडच्या चौकटीत पहिले आकडे लिहून पुढे स्टार दिला की त्यानं सुरू होणारे सगळे पिनकोड धरले जातात. मी "महाराष्ट्र" नावाचा झोन केला, त्यात ४* लिहिलं आणि चहा प्यायला गेले.

आता, ४० ते ४४ महाराष्ट्र, हे खरं. पण ४५ ते ४८ मध्य प्रदेश, ४९ छत्तीसगड. आणि आमचा गोडा मसाला महाराष्ट्राबाहेर सगळ्यात जास्त कुठे जातो? इंदूरला. त्याखालोखाल ग्वाल्हेर. होळकर-शिंद्यांच्या काळापासून तिथे वसलेली मराठी घरं अजून आमटीला गोडाच मसाला घालतात आणि तिकडच्या दुकानात मनासारखा मिळत नाही म्हणून आमच्याकडून मागवतात. तीन आठवड्यांत ३१ पार्सलं महाराष्ट्राच्या दरानं गेली. ५० रुपयांचा फटका एकेकी, म्हणजे १,५५० रुपये. काकूंनी हिशेब ऐकला आणि म्हणाल्या, "इंदूर कधी आपल्यात आलं गं?" शेवटी ४०*, ४१*, ४२*, ४३*, ४४* अशा पाच ओळी लिहिल्या. गोव्याचा ४०३ त्यात आपसूक येतो. आम्हाला गोव्याला तोच दर परवडतो म्हणून ठेवला. तुम्हाला वेगळा लावायचा असेल तर गोव्याचा झोन वेगळा करा आणि वर ठेवा.

"वर ठेवा" का, ते नीट समजून घ्या, कारण निम्म्या तक्रारी इथूनच येतात. वूकॉमर्स झोनची यादी वरून खाली वाचतं आणि पहिला जुळणारा झोन सापडला की थांबतं. खालचे कितीही नेमके असले तरी त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. म्हणून नेमका नियम वर, ढोबळ नियम खाली. ईशान्येचे ७८* आणि ७९*, सिक्कीमचा ७३७*, अंदमानचा ७४४*, जम्मू-काश्मीर-लडाखचे १८* आणि १९* हे सगळे मी "लांबचे" म्हणून एका झोनमध्ये घातले होते. एकदा यादी सारखी करताना माझ्याकडून "भारत" झोन माउसनं ओढला जाऊन त्यांच्या वर बसला. गुवाहाटीच्या बाईंना ११० रुपयांत मसाला गेला. त्या खूश होत्या.

राज्याच्या यादीवर फार विसंबू नका. गिऱ्हाईक मोबाइलवर घाईघाईत कुठलंही राज्य निवडतं, कुरिअरवाला फक्त पिनकोड वाचतो. आणि राज्य म्हणजे अंतर नव्हे. बेळगाव आम्हाला नागपूरपेक्षा कितीतरी जवळ. ५९०* ला मी महाराष्ट्राचाच दर लावलाय. सीमाप्रश्न आपल्या जागी, पार्सल दुसऱ्या दिवशी पोहोचतं.

आता वजन. इथे सगळ्यात जास्त पैसे जातात आणि कुणी आधी सांगत नाही. कुरिअरचे दर साधारण अर्ध्या किलोच्या टप्प्यानं चढतात. आमचं मसाल्याचं पाकीट बरोबर ५०० ग्रॅमचं, मी सॉफ्टवेअरमध्ये ५०० लिहिलं. खोका, बबल रॅप, टेप धरून ते भरायचं ५६० ग्रॅम, म्हणजे एक किलोचा दर. वस्तूचं वजन नेहमी बांधून झाल्यावर काट्यावर ठेवून लिहा. काकूंनी पुढच्या खेपेपासून ४०० ग्रॅमचं पाकीट काढलं, हा भाग माझ्या हुशारीत मोजू नका.

त्याहून बेरकी प्रकार म्हणजे आकारमानाचं वजन. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक कुरिअर त्याला ५,००० ने भागतात. येणारा आकडा आणि काट्यावरचं वजन यांत जो मोठा, त्याचे पैसे. एक किलो कुरडया न मोडता पाठवायच्या तर खोका लागतो ४० × ३० × २५ चा. ३०,००० भागिले ५,०००, म्हणजे सहा किलो! एक किलो कुरडईला सहा किलोचं भाडं. पहिलं बिल आलं तेव्हा मला वाटलं कुरिअरवाल्याचा काटा बिघडलाय. मी तावातावानं तक्रार टाकली आणि त्यांनी खोक्याचा टेपसकट फोटो पाठवला. तेव्हापासून बांधलेल्या प्रत्येक मापाच्या खोक्याचे माझेही फोटो तयार असतात. चुकीचं वजन लावलं तर ठरावीक दिवसांच्या आत हरकत घ्यावी लागते, नंतर कुणी ऐकत नाही.

वूकॉमर्समध्ये वजनानुसार दर मुळात मिळत नाही, त्याला प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, लागतं. पण आमच्यासारख्या दुकानाचं शिपिंग क्लासवर, म्हणजे वस्तूंचे गट पाडून, भागतं. मी दोनच केले, "फुगीर" आणि "पातळ". कुरडया-पापड फुगीर, त्यांना वरती ८० रुपये. काकवी पातळ, दर साधाच, पण कुरिअरच्या बाजूला त्यावरून नियम लागतो की फक्त सरफेस, एअर नाही. एकाच ऑर्डरमध्ये दोन्ही आले तर प्रत्येक क्लासचे वेगळे पैसे घ्यायचे की सगळ्यात महाग क्लासचेच, हा पर्याय तिथेच खाली असतो. तो न बघता पुढे जाऊ नका. फ्री शिपिंगचंही तसंच. ९९९ च्या वर फ्री ठेवलं तर ती रक्कम कूपनच्या आधीची की नंतरची, हे एका टिकमार्कवर ठरतं.

कॅश ऑन डिलिव्हरीबद्दल (सीओडी) लिहायचं तर वेगळा लेख होईल. पार्सल परत आलं की त्याला आरटीओ, म्हणजे रिटर्न टू ओरिजिन, म्हणतात. काकूंना वाटलं गाडीच्या पासिंगचं काहीतरी आहे. परत आलेल्या पार्सलाचं जातानाचं भाडं जातं, येतानाचंही बरेचदा लागतं, आणि चिवड्याचा भुगा मिळतो. माझा नियम असा: सीओडी असेल आणि रक्कम १,५०० च्या वर असेल, किंवा त्या फोन नंबरवरून आधी एकदा माल परत आला असेल, तर ऑर्डर होल्ड. फोन करायचा, बोलायचं, मग सोडायची. पत्ता फारच छोटा असेल तर मी आधी तेही होल्डला टाकायचे. "मारुती मंदिराजवळ, मु. पो." आणि गावाचं नाव, बस्स. पण कुरिअरचा मुलगा जिथे तीनदा फोन करून परत फिरतो, तिथे पोस्टमन सायकल लावून थेट ओसरीवर जातो. त्यामुळे पैसे आधी आलेले असले आणि पत्ता असा असला की नियम त्याला स्पीड पोस्टकडे वळवतो.

ज्या चुकीचं अजून वाईट वाटतं ती दुसऱ्या दिवाळीतली. साताऱ्याजवळच्या एका गावातून एका आईनं मुलाला फराळ पाठवायची ऑर्डर टाकली होती. पैसे भरलेले, पत्ता ५६ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस), पिनकोड ९ ने सुरू होणारा. ९ म्हणजे सैन्यटपाल, तिथे खासगी कुरिअर जात नाही, फक्त पोस्ट. माझ्या दुकानानं ते "भारत" झोनमध्ये धरून ११० रुपये घेतले. कुरिअरच्या बाजूला एकही कंपनी जुळेना, म्हणून लेबल बनलं नाही. चूक म्हणून लाल काही दिसलं नाही, ऑर्डर नुसती कुरिअर न ठरलेल्या ऑर्डरच्या यादीत पडून राहिली आणि मी रोज फक्त छापलेली लेबलं मोजत होते. आठव्या दिवशी त्या माउलीचा फोन आला. आवाज चढला नव्हता. "पोरगं वाट बघतंय हो," एवढंच म्हणाल्या.

त्या रात्री ९* चा झोन केला आणि सगळ्यांच्या वर ठेवला. त्याला फक्त स्पीड पोस्ट. शिवाय रोज सकाळी दहाला कुरिअर न ठरलेल्या ऑर्डरची यादी उघडायची, रिकामी असली तरी. आणि वीस पिनकोडची चिठ्ठी बनवली: कराड, पणजी, इंदूर, रायपूर, बेळगाव, गुवाहाटी, पोर्ट ब्लेअर, एक एपीओ, असे. कुठलाही नियम बदलला की ते सगळे चेकआउटला घालून बघायचे. वूकॉमर्सच्या शिपिंग सेटिंगमध्ये डीबग मोड आहे, तो चालू केला की कुठला झोन जुळला ते कार्टमध्येच दिसतं आणि जुना साठवलेला दरही आडवा येत नाही. काम झाल्यावर तो बंद करायला विसरू नका, मी एकदा विसरले होते आणि गिऱ्हाइकं स्क्रीनशॉट पाठवून विचारत होती की हे काय लिहिलंय.

९ ची पार्सलं आता काकू स्वतः बांधतात. ऑर्डरमध्ये असो नसो, चिवड्याचं एक जादा पाकीट आत जातंच, १५० ग्रॅमचं. पहिल्यांदा त्यानं वजन वरच्या टप्प्यात गेलं तेव्हा मी कुरकुरले. आता त्या झोनचा दर ठरवताना १५० ग्रॅम आधीच धरलेत, आणि ते पैसे गिऱ्हाइकाकडून नाही, दुकानाच्या खात्यातून जातात.