जुन्या बंगल्यातला खुनाचा फार्स: लिहावा कसा, बसवावा कसा

वादळी रात्र, ओसाड पडलेला मोठा बंगला, मृत्युपत्र ऐकायला जमलेले नातेवाईक, आणि दिवे गेले की एक माणूस कमी. हा साचा खूप जुना आहे. जॉन विलार्डचं ‘द कॅट अँड द कॅनरी’ हे नाटक १९२२ साली रंगमंचावर आलं. त्यात घराच्या मालकाला जाऊन वीस वर्षं झाल्यावर मध्यरात्री त्याचं मृत्युपत्र वाचलं जातं. ही मांडणी आजही चालते, कारण तिच्या एकेका भागाला काम आहे. मृत्युपत्रामुळे एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं एका छताखाली येतात आणि प्रत्येकाला खुनाचं कारण मिळतं, वादळ त्यांना बाहेर जाऊ देत नाही आणि जुन्या घरात चोरवाटा असल्या तर कुणाला नवल वाटत नाही.

असं नाटक लिहिणारे बरेच जण विनोदापासून सुरुवात करतात आणि दुसऱ्या अंकात अडकतात. माझं सांगणं उलट आहे. खून आधी, हशा नंतर, आणि शेवटी दोन्ही एकाच वस्तूत बसवायचे.

पहिली पायरी: खुनाचा कागद

एका कोऱ्या कागदावर सगळा गुन्हा लिहून काढा. कुणी मारलं, कुणाला, का, कशानं, किती वाजता आणि नंतर काय लपवलं. त्याखाली दर पाच मिनिटांनी कोण कुठल्या खोलीत होतं याचा तक्ता करा. या कागदावर एकही विनोद नको. हा कागद ज्याला नाटकाची काहीच माहिती नाही अशा मित्राला वाचायला द्या. त्याला गुन्हा पटला तरच पुढे जा. विनोद काढून टाकल्यावरही रहस्य उभं राहिलं पाहिजे. नाहीतर मध्यंतरानंतर प्रेक्षक फक्त पुढच्या धडपडण्याची वाट बघत बसतो आणि तेवढ्यावर तासभर निघत नाही.

दुसरी पायरी: दारं ठरवा

पात्रांच्या आधी घर. चार दारं पुरतात: मुख्य दार, स्वयंपाकघराचं, जिन्याकडचं आणि पुस्तकांच्या कपाटामागे दडलेलं. प्रत्येक दाराला स्वतःचा स्वभाव द्या. एक फुगून घट्ट बसलेलं, एक दोन्ही बाजूंना झुलणारं, एक बाहेरून ओढलं की आपोआप कुलूप लागणारं. हे स्वभाव पहिल्या दहा मिनिटांत, प्रेत पडायच्या आधी, प्रेक्षकाला पाठ झाले पाहिजेत. पहिल्यांदा दार अडकतं तेव्हा तो फक्त पाहतो. दुसऱ्यांदा तो वाट बघतो. तिसऱ्यांदा दार नेमकं अडकत नाही आणि ढकलणारा थेट आत जाऊन आपटतो. हसू तिसऱ्याला येतं, पण ते पहिल्या दोनांनी कमावलेलं असतं.

नेपथ्यावर खर्च करायचा असेल तर तो बिजागऱ्यांवर आणि चौकटींवर करा. फार्समध्ये एखादं दार रात्रीत कितीतरी वेळा आपटलं जातं. हलणारी भिंत दिसली की घर खोटं वाटतं, आणि घर खोटं वाटलं की भीती गेली.

तिसरी पायरी: माणसं

सहा ते आठ पात्रं ठेवा. त्याहून जास्त झाली की संशयित लक्षात राहत नाहीत. प्रत्येकाला खुनाशी संबंध नसलेली एक गरज द्या. कुणाला जुनं पत्र शोधून जाळायचं आहे, तर कुणाला एका पाहुण्यासमोर जायचंच नाही. या गरजांपायी ती रात्री खोल्याखोल्यांतून चोरपावलांनी फिरतात, खोटं बोलतात आणि निर्दोष असूनही संशयास्पद दिसतात. नटांना एकच सांगा: तुम्ही विनोदी नाही, तुम्ही घाबरलेले आहात. पात्राला आपण गमतीशीर आहोत हे कळलं की प्रेक्षकाचं हसू आटतं.

चौथी पायरी: हशाच्या आड पुरावा

हसणारा माणूस तपास करत नसतो. त्यामुळे पुरावा लपवायला हशासारखी दुसरी जागा नाही.

ते फुगलेलं दारच घ्या. आतून किंकाळी येते. सगळे दाराशी धावतात. एक जण खांदा मारतो आणि खांदा धरून खाली बसतो. दुसरी व्यक्ती लांबून पळत येते, वाकलेल्या पहिल्याला अडखळते आणि त्याच्यावरून पलीकडे जाते. तिसरा किल्ली शोधत कोटाचे सगळे खिसे उलटे करतो. या गोंधळात एक पाहुणा पुढे येतो, दाराची मूठ किंचित वर उचलतो आणि दार ढकलतो. दार उघडतं, सगळे एकमेकांवर कोसळत आत जातात, नाट्यगृह हसतं. या पाहुण्यानं पहिल्याच प्रवेशात सांगितलेलं असतं, “या घरात मी आज पहिल्यांदाच येतोय.” मग मूठ वर उचलायची असते हे त्याला कुणी सांगितलं?

प्रेक्षकानं हे पाहिलेलं असतं, फक्त त्याचा अर्थ लावलेला नसतो. अशा तीन जागा नाटकात हव्यात. मात्र एक नियम कसोशीनं पाळा: डोळ्यांना दिसणारा पुरावा हशात ठेवा, कानांनी ऐकायचा पुरावा शांततेत. महत्त्वाचं वाक्य लाफ्टरमध्ये बुडालं तर ते बोललंच गेलं नाही असं समजा.

पाचवी पायरी: प्रेत

मरणारा माणूस प्रेक्षकाला फार प्रिय नसावा. बिचाऱ्याच्या प्रेताची ओढाताण बघवत नाही. सगळ्यांना छळणाऱ्या कंजूष काकाची बघवते.

प्रेत लपवण्याचा प्रवेश या प्रकाराचा आत्मा आहे. दोघे जण, प्रत्येकाला वाटतंय की खून दुसऱ्यानं केलाय आणि प्रत्येक जण दुसऱ्याला वाचवायला बघतोय. दारावर थाप पडते. ते प्रेताला आरामखुर्चीत बसवतात, हातात वर्तमानपत्र देतात, पायावर पाय टाकतात. टाकलेला पाय घसरतो. पुन्हा टाकतात. आलेला पाहुणा प्रेताशी बोलायला लागतो, उत्तर मिळत नाही म्हणून दुखावतो, माफी मागतो. त्या माफीत तो अशी एक गोष्ट कबूल करून जातो जी त्यानं एरवी कुणालाच सांगितली नसती. इथे हसू आणि तपास एकत्र पुढे सरकतात.

प्रेताचं काम करणाऱ्या नटाला चांगली तालीम द्या. त्यानं तोंड प्रेक्षकांपासून वळवून ठेवावं, सैल कपडे घालावेत आणि श्वास सावकाश, पोटातून घ्यावा. उचलताना तो ओझं वाटला पाहिजे, पण वजन त्यानं स्वतःच्याच पायांवर पेलायचं, नाहीतर चार प्रयोगांत उचलणाऱ्याची कंबर धरेल.

सहावी पायरी: अंधार आणि आवाज

भीतीसाठी सतत वाजणारं पार्श्वसंगीत नको. शांत घरात वरच्या मजल्यावर एकच पाऊल वाजू द्या. गडगडाटासाठी विंगेत पातळ पत्रा टांगून हलवण्याची जुनी युक्ती आजही छान लागू पडते. मेणबत्त्या बॅटरीवरच्याच घ्या. खुनाच्या क्षणाचा ब्लॅकआउट एक ते पाच आकडे मोजून होईपर्यंतचा पुरे. पायऱ्यांच्या आणि मंचाच्या कडांना अंधारात चमकणारी पट्टी लावा. त्या पाच आकड्यांत कोण हलणार आणि कोण जागचं हलणार नाही हे आधी ठरलेलं असावं.

सातवी पायरी: मार आणि पडणं

‘स्लॅपस्टिक’ हा शब्द एका लाकडी साधनावरून आला. कॉमेडिया देल आर्ते या इटालियन लोकनाट्यात दोन पातळ पट्ट्या जोडलेली काठी वापरत. ती मारली की पट्ट्या एकमेकींवर आपटून मोठा आवाज होई, पण अंगाला फारसं लागत नसे. आवाज मोठा आणि मार नाममात्र, हे तत्त्व आजही तेच आहे.

थोबाडीत मारताना हात चेहऱ्यापर्यंत पोचतच नाही. दोघांमध्ये अंतर ठेवायचं, आधी नजरानजर करून खूण घ्यायची, आणि ज्याला ‘मार’ बसतो त्यानं प्रेक्षकांना दिसणार नाही अशी टाळी वाजवून मान वळवायची. पडताना गुडघे, कोपर आणि माकडहाड वाचवा. खाली बसत, मांडीच्या आणि कुल्ल्याच्या मांसल भागावर एका बाजूनं लोळत जा. सगळं आधी पाव वेगात, मग अर्ध्या, आणि आठवडाभरानं पूर्ण वेगात करा. प्रत्येक प्रयोगाआधी हे प्रसंग एकदा सावकाश करून बघा. ही दहा मिनिटं कधीही वाचवू नका. गोळीचा आवाज विंगेत फळीवर फळी आपटून काढा. रिकाम्या काडतुसाचीही जवळून इजा होते.

आठवी पायरी: लाफ्टर सांभाळणं

हशा चढत असताना पुढचं वाक्य टाकू नका, आणि तो पूर्ण विझेपर्यंतही थांबू नका. उतरणीला लागला की बोला. अपेक्षित जागी हशा आला नाही तर क्षणभरही न रेंगाळता पुढे जा. गुन्ह्याची गोष्ट भक्कम असेल तर तीच प्रयोग ओढून नेते.

शेवट

१९८५ च्या ‘क्लू’ या चित्रपटाला तीन वेगवेगळे शेवट होते आणि वेगवेगळ्या चित्रपटगृहांत वेगवेगळा शेवट दाखवला गेला. प्रयोग म्हणून तो मला आवडतो, पण नवीन लेखकानं एकाच शेवटावर उभं राहावं. खुनी सहज बदलता येत असेल तर पुरावे त्याच्यापर्यंत पोचलेलेच नाहीत.

उकल भाषणातून करू नका. पाठलागात सगळे त्या फुगलेल्या दाराशी येऊ द्यात. खांदे मारून होऊ द्यात, किल्ल्या पडू द्यात. प्रेक्षक पुन्हा हसायला लागला की त्याच पाहुण्याला पुढे आणा. घाईत त्याचा हात सवयीनं मुठीवर जातो, मूठ किंचित वर उचलली जाते, दार उघडतं. या वेळी कुणीही आत पडत नाही. सगळे जागच्या जागी थांबतात आणि त्या हाताकडे बघतात.