पॅनकार्ड पाठवताय? आधी फाईलला कुलूप घाला

जुलै उजाडला की रिटर्न भरून घेणाऱ्यांची कागदपत्रं माझ्याकडे येऊ लागतात. पॅन, फॉर्म १६, बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट, सगळं उघडंवाघडं. हटकलं की उत्तर ठरलेलं: "अहो ताई, व्हॉट्सॲप एन्क्रिप्टेडच असतं की!" असतं, पण वाटेत. माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतली की ती साधी फाईल. उद्या लॅपटॉप दुरुस्तीला गेला तर? म्हणून फाईलच एन्क्रिप्ट करा. मग पासवर्डशिवाय ती उघडणाऱ्याच्या हाती निव्वळ गिचमिड लागते.

सेव्हन-झिप हे फुकट सॉफ्टवेअर तुमच्याकडे हवं, ज्यांना पाठवताय त्यांच्याकडेही. (फक्त अँड्रॉइड फोन असेल तर झेडआर्काइव्हर चालतं.) सगळे कागद एका फोल्डरमध्ये टाका, त्यावर राइट क्लिक, सेव्हन-झिप, ॲड टू आर्काइव्ह. विंडोज ११ मध्ये हे कधीकधी 'शो मोअर ऑप्शन्स'खाली दडलेलं असतं.

आता नीट बघा. फॉरमॅट ७झेड निवडा, झिप नको. झिप ठेवलंत तर एन्क्रिप्शनच्या रकान्यात आपोआप 'झिपक्रिप्टो' येतं आणि ते जुनं, फोडता येण्यासारखं आहे. ७झेडमध्ये एईएस-२५६ या भक्कम एन्क्रिप्शन पद्धतीशिवाय पर्यायच नाही. पासवर्डच्या रकान्यात पासवर्ड टाका (तो कसा ठरवायचा ते पुढे सांगते) आणि खाली 'एन्क्रिप्ट फाईल नेम्स'वर टिक करा. ती करायची राहून गेली तर आतला मजकूर दिसत नाही, पण 'होमलोन हप्ते थकबाकी.पीडीएफ' हे नाव कुणीही वाचतं!

एईएस अमेरिकेने २००१ मध्ये मानक म्हणून स्वीकारलं. त्याची पद्धत जगजाहीर आहे, कुणीही वाचावी. गुपित असते ती फक्त किल्ली, आणि ती बनते तुमच्या पासवर्डपासून. म्हणून सगळं तुमच्या पासवर्डवर येऊन ठेपतं आणि लोक घोळ घालतात तो तिथेच. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. ज्याला नाव माहीत आहे त्याने शंभरेक जन्मवर्षं टाकून पाहिली की काम झालं. तीच युक्ती तुम्ही वापरू नका. शब्दकोश काढा, डोळे मिटून पानं उलटा, बोट पडेल तो शब्द घ्या. असे पाच. 'आवडला नाही' म्हणून शब्द बदलायचा नाही. इंग्रजी अक्षरांत, मधे टिंब देऊन लिहा: पळस.तवा.दुष्काळ.गोणी.शिट्टी असं काहीसं. अर्थात हाच नको.

पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका, पुढच्या मेलमध्येही नको. फोन करून सांगा. पाठवण्याआधी फाईल एकदा स्वतः उघडून बघा, कॅपिटल-स्मॉलची गडबड तिथेच कळते.

मूळ कागद मात्र पुसू नका. पासवर्ड विसरलात तर ती ७झेड फाईल मीही उघडू शकत नाही आणि कोपऱ्यावरचा मोबाईलवालाही नाही. मूळ फोल्डर असलं तर नवे शब्द काढून पुन्हा पाठवता येतं. फक्त ३१ जुलैच्या रात्री नको.